ऐन ऑक्टोबरात पाने टाकणारी जास्वंद : पुण्यातील एका कुंपणाचे निदान आणि उपचार

पुण्याच्या पश्चिम भागातील एका जुन्या गृहनिर्माण सोसायटीत, फाटकापासून मागच्या पाण्याच्या टाकीपर्यंत, कुंपणाच्या भिंतीला लागून जास्वंदीची रांग आहे. झाडे जुनी, पुरुषभर उंचीची आणि साधी पाच पाकळ्यांची लाल फुले देणारी आहेत. आसपासच्या घरांतील रोजची पूजा आणि भाद्रपदातील गणपती यांची फुलांची गरज हीच रांग भागवते. ज्या वर्षीचे हे प्रकरण आहे, त्या वर्षी गणेशोत्सवात झाडे फुलांनी भरलेली होती. मात्र पाऊस उघडून कडक ऊन पडू लागले तसा फाटकाजवळच्या तीन झाडांखाली पानांचा सडा पडू लागला, आणि आठवड्याभरात त्यांतील दोन झाडांच्या फांद्या आतून जवळजवळ उघड्या पडल्या. रांगेच्या दुसऱ्या टोकाची, टाकीकडची झाडे मात्र हिरवीगार होती.

बागेची देखरेख करणाऱ्या काकूंनी मला बोलावले, तोपर्यंत तीन उपाय होऊन गेले होते. शेंड्यांवर पांढरा कापूस दिसल्याने कोणीतरी पिठ्या ढेकणावरचे कीटकनाशक फवारले होते. पाने पिवळी पडत आहेत म्हणजे नत्र कमी आहे, अशा समजुतीने प्रत्येक झाडाला मूठभर युरिया दिला गेला होता. आणि ऊन वाढल्यामुळे सकाळ-संध्याकाळ नळीने पाणी सोडले जात होते. "अहो, दोन वेळा पाणी देतोय, तरी पाने मान टाकतात," असे काकू म्हणाल्या, आणि त्या एका वाक्यात निदानाचा बराचसा भाग होता. पाणी असूनही पान मान टाकत असेल, तर पाणी झाडापर्यंत पोहोचत नाही. आणि ते का पोहोचत नाही, हे मुळांना विचारावे लागते.

तरीही मी आधी मुळांकडे न वळता खाली पडलेली पाने गोळा केली. अचानक पानगळ झालेल्या कोणत्याही झुडपाखाली मी प्रथम हेच करतो, कारण पान कसे गळले यावरून ते का गळले याचा निम्मा उलगडा होतो. तीनही झाडांखालची बहुतेक पाने देठासकट गळलेली होती. देठाचे टोक फाटलेले किंवा सुकून आक्रसलेले नव्हते, तर गुळगुळीत, फिकट आणि स्वच्छ होते. काही पाने पूर्ण पिवळी, काहींच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर बरीचशी चक्क हिरवी होती. फांदीला हलकासा धक्का देताच आणखी पाने गळून पडली आणि त्यांच्या जागी फांदीवर तसाच स्वच्छ व्रण उरला. याउलट, फाटकाला अगदी लागून असलेल्या पहिल्या झाडाच्या एका बाजूच्या दोन फांद्यांवर पाने तपकिरी होऊन, चुरगळून, तशीच लटकत होती. ओढली तरी ती देठापासून सुटत नव्हती, उलट त्यांचे तुकडे हातात येत होते.

हा फरक या प्रकरणाचा कणा आहे. पान गळणे ही झाडाने स्वतः केलेली क्रिया असते. देठ फांदीला जेथे मिळतो तेथे पेशींचा एक पातळ पट्टा असतो; झाडाने पान सोडायचे ठरवले की या पट्ट्यातील जिवंत पेशी पेशीभित्तिका विरघळवणारी विकरे तयार करतात, पेशी एकमेकींपासून सुटतात आणि पान स्वतःच्या वजनाने खाली पडते. या कामासाठी पेशी जिवंत असाव्या लागतात. म्हणूनच जी फांदी झपाट्याने मरते तिची पाने गळत नाहीत, ती फांदीवरच सुकतात. स्वच्छ देठाने गळलेली पाने सांगत होती की झाड जिवंत आहे आणि अडचणीत सापडून आपला पसारा कमी करत आहे. लटकलेली तपकिरी पाने सांगत होती की त्या दोन फांद्यांना तेवढीही सवड मिळाली नाही. एकाच झाडावर या दोन्ही खुणा दिसणे याचा अर्थ मूळ कारण एकच असले तरी त्याच्या दोन पायऱ्या आहेत, आणि दुसरी पायरी पहिल्या झाडावर सुरू झालेली आहे.

पान टिकवणे आणि पान सोडणे यांचा तोल मुख्यतः दोन संप्रेरकांवर असतो. पानाच्या पात्यातून देठाकडे सतत वाहणारे ऑक्झिन त्या पट्ट्याला शांत ठेवते, तर इथिलीन हा वायू त्याला कामाला लावतो. इथिलीनचा हा गुण माणसाला समजला तो रस्त्यावरच्या गॅसच्या दिव्यांमुळे : एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांत गॅसच्या गळक्या वाहिन्यांजवळची झाडे अकाली पाने टाकत, आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव्ह यांनी १९०१ मध्ये वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून त्या गॅसमधील परिणामकारक घटक इथिलीन असल्याचे दाखवले. जुन्या पानांतून येणारे ऑक्झिन मुळातच कमी झालेले असते, त्यामुळे झाडात इथिलीन वाढले की आतली आणि खालची पाने आधी जातात आणि शेंड्याची कोवळी पाने शेवटपर्यंत टिकतात. या तीन झाडांची पानगळ नेमकी याच क्रमाने झालेली होती.

## काय नाही, हे आधी

शेंड्यांवरचा पिठ्या ढेकूण खरा होता. तो फवारणीनंतरही थोडाफार उरला होता आणि मुंग्यांची ये-जा चालू होती. पण पिठ्या ढेकूण जास्वंदीचे नुकसान वेगळ्या रीतीने करतो : शेंडे आखूड होतात, कोवळी पाने कोकडतात, खालच्या पानांवर चिकट मधरस पडून त्यावर काळी बुरशी धरते. येथे शेंड्यांचीच पाने सर्वांत चांगली होती. शिवाय टाकीकडच्या हिरव्यागार झाडांवरही ही कीड जवळजवळ तेवढीच होती, म्हणजे तिची उपस्थिती आणि पानगळ यांचा मेळ बसत नव्हता. लाल कोळ्यासाठी पांढऱ्या कागदावर फांदी झटकून भिंगातून पाहिले. हलणारे ठिपके दिसले नाहीत, पानांच्या पाठी स्वच्छ होत्या आणि त्यांवर कोळी लागल्यावर येणारी बारीक फिकट टिंबेही नव्हती. बोअरच्या खारट पाण्याने पानांच्या कडा करपतात, त्या करपलेल्या नव्हत्या. तणनाशकाची शंका मी नेहमी घेतो, कारण पेव्हर ब्लॉकच्या फटींतील गवत मारण्यासाठी ते सर्रास वापरले जाते. पण त्या हंगामात ते फवारलेले नव्हते आणि नवी फूट पिळवटलेली किंवा दाभणासारखी बारीक झालेली नव्हती. नत्राच्या कमतरतेने पाने हळूहळू, कित्येक आठवड्यांत फिकट होत जातात, एका आठवड्यात सडा पडत नाही. तेव्हा युरियाची मूठ ज्या कारणासाठी दिली ते कारणच नव्हते. पुण्याची थंडी अजून दूर होती, आणि बुंध्याच्या सालीवर वाळवीची माती नव्हती.

हे सगळे तपासायला फार वेळ लागत नाही, पण ते गाळता येत नाही. पानगळ पाहिल्याबरोबर हाती असलेले औषध मारण्याची घाई बागेत फार होते, आणि त्या औषधाने बिघडत काही नाही असे वाटले तरी दरम्यान गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

## रांगेने दिलेले उत्तर

एका ओळीतील एकाच वयाची, एकाच जातीची झाडे म्हणजे आपोआप घडलेला प्रयोगच असतो, कारण त्यांच्यात फरक पडला असेल तर तो जागेत शोधायचा. फाटकापासून चौथ्या झाडापर्यंत मे महिन्यात पेव्हर ब्लॉक बसवलेले होते. त्यापुढे टाकीपर्यंत पूर्वीचीच उघडी, मुरमाड, किंचित उताराची जमीन होती. पेव्हरचे काम करताना जमीन सपाट करण्यासाठी राडारोडा आणि मुरूम टाकून त्यावर दाबयंत्र फिरवले होते, आणि झाडांभोवती ठेवलेल्या फूट-दीड फुटाच्या चौकोनांत, पेव्हरच्या पातळीला येईल इतकी, टेम्पोने आणलेली काळी माती भरली होती. दिसायला ते काम नीटनेटके होते. मात्र त्यामुळे बुंध्याभोवतीची जमीन आधीपेक्षा सात-आठ इंचांनी उंच झाली होती, आणि फाटकाकडे जमीन मुळातच खोलगट असल्याने चार महिन्यांच्या पावसाचे पाणी या चौकोनांत उतरून तेथेच राहत होते. चौथे झाड पेव्हरच्या कडेला होते. त्याची अर्धी मुळे उघड्या मुरमात असावीत, कारण त्याची पाने फक्त भिंतीच्या एका अंगाला पिवळी पडली होती.

सोसायटीत काम करणारे माळीकाका मूळचे मराठवाड्यातले. मी माती पाहत असताना ते शेजारी उभे होते. "आमच्याकडं पाऊस उघडून कडक ऊन पडलं की पऱ्हाटी अशीच मान टाकती," ते म्हणाले, "पाणी साचलेल्या चिबडातली आधी." हे निरीक्षण अगदी मोलाचे होते. पऱ्हाटी म्हणजे कपाशी; ती आणि जास्वंद एकाच कुळातल्या. काळ्या जमिनीतील कपाशीत, लांबलेल्या पावसानंतर एकाएकी ऊन पडले की उभे झाड काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत मलूल होते, पुढे पाने, पात्या आणि बोंडे गळतात. त्याला आकस्मिक मर म्हणतात आणि त्यात बहुधा कोणताही रोगजंतू नसतो. पाणी साचलेल्या जमिनीत गुदमरलेली मुळे वाढलेल्या उन्हाची मागणी पुरवू शकत नाहीत, एवढेच त्यामागचे कारण असते. रोगजंतू नसूनही ज्याला रोगाच्या यादीत स्थान मिळाले आहे, अशा या विकाराचे वर्णन फाटकाजवळच्या जास्वंदीला जवळजवळ शब्दशः लागू पडत होते.

आता मुळांकडे वळायला हरकत नव्हती. दुसऱ्या झाडाच्या चौकोनात, बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून, खुरप्याने हळूहळू खाली गेलो. वरचे दोन इंच कोरडे, भेगाळलेले होते. पाणी कमी पडते आहे असे सगळ्यांना वाटत होते ते याच थराकडे पाहून. त्याखाली माती चिकट होती आणि पाच-सहा इंचांवर ती निळसर राखाडी झालेली होती. तिचा गोळा नाकाजवळ नेल्यावर तुंबलेल्या गटारासारखा वास आला. बारीक मुळे तपकिरी होती. चिमटीत धरून ओढल्यावर त्यांची साल मोज्यासारखी निघून आली आणि आतला दोऱ्यासारखा तंतू तेवढा हातात राहिला. निरोगी मूळ असे सोलत नाही. त्याच वेळी, पेव्हर आणि माती यांच्यामधल्या फटीत आणि वरच्या दोन इंचांच्या थरात पांढरीशुभ्र नवी मुळे आलेली दिसली : खाली हवा मिळेना म्हणून झाड वर येऊ पाहत होते. टाकीकडच्या झाडाजवळ तेवढ्याच खोलीची माती हातात भुसभुशीत फुटली, तिचा वास पहिल्या पावसानंतरच्या जमिनीसारखा होता आणि मुळे पिवळसर पांढरी, ओढली तर तुटणारी पण न सोलणारी होती.

त्यानंतर हाताने बुंध्याभोवतीची माती उकरून जुनी जमीन शोधली. तिसऱ्या झाडाचा बुंधा मातीखाली ओला पण टणक होता. दुसऱ्याच्या सालीवर एका बाजूला, घेराच्या साधारण चौथ्या हिश्शाइतका, मऊ तपकिरी पट्टा होता. चाकूने पातळ कापल्यावर दालचिनीच्या रंगाचा रोगट भाग आणि दुधी रंगाची निरोगी साल यांच्यातील सीमा स्पष्ट दिसली. पहिल्या झाडाचा तसा पट्टा अर्ध्याहून अधिक घेर व्यापून वर चढला होता, आणि त्याची वरची सरळ रेषा त्या दोन सुकलेल्या फांद्यांपाशी जात होती. विदर्भातील संत्रा बागायतदारांना ही खूण चांगली ओळखीची आहे. त्यांच्या बागांतील डिंक्या रोग ज्या फायटोप्थोरामुळे होतो, त्या आणि पिथियमच्या गटातील सूक्ष्मजीव साचलेल्या पाण्यातून पोहत जाणारे बीजाणू सोडतात आणि गुदमरलेली मुळे व मातीत गाडलेली साल यांवर आधी हल्ला करतात. या दोघांपैकी नेमका कोण, हे ठरवण्यासाठी प्रयोगशाळेची वाट पाहण्याची गरज नव्हती, कारण दोघांवरचा मुख्य उपाय एकच आहे आणि तो निचऱ्याचा आहे.

शेवटची चाचणी पाण्याची. पहिल्या आणि दुसऱ्या झाडाच्या मधोमध फूटभर खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरला, ते पाणी जिरू दिले, आणि मग पुन्हा भरून पट्टीने पातळी पाहिली. बागेच्या जमिनीत ताशी इंचभर तरी पाणी उतरावे अशी अपेक्षा असते. येथे दुपारपर्यंत पट्टी जवळजवळ हलली नव्हती. टाकीकडे तसाच खड्डा भरला तो डोळ्यांदेखत रिकामा झाला.

## घडले ते असे

पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांचा श्वास काही तासांत कोंडतो, आणि राडारोड्यावर ठेचून बसवलेल्या काळ्या मातीत त्या पोकळ्या मुळातच कमी होत्या. प्राणवायूविना मुळे मरू लागण्याआधीच एक रासायनिक निरोप वर जातो. इथिलीन ज्या द्रव्यापासून बनते ते, संक्षेपाने एसीसी म्हणून ओळखले जाणारे द्रव्य, अ‍ॅडम्स आणि यांग या शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये ओळखले. पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्ड आणि यांग यांनी पाण्यात बुडालेल्या टोमॅटोच्या मुळांत ते साठून रसाबरोबर वर चढते हे दाखवले. एसीसीचे इथिलीन होण्यासाठी प्राणवायू लागतो, तो मुळांत नसतो पण पानांत असतो. म्हणून संकट मुळांत असूनही पाने वर गळतात. कपाशीच्या आकस्मिक मर विकारात सुरुवातीलाच कोबाल्ट क्लोराइडची अत्यंत सौम्य फवारणी सुचवली जाते, ती याच रूपांतराला खीळ घालण्यासाठी.

पावसाळाभर आभाळ झाकलेले होते, पानांतून पाणी कमी उडत होते, त्यामुळे निम्म्या मुळांवरही झाडांचे भागत होते आणि गणपतीत ती फुललीही. पाऊस उघडला, ऑक्टोबरचे ऊन तापले, मागणी वाढली आणि तूट उघडी पडली. त्यावर रोज दोन वेळा नळीचे पाणी सोडल्याने माती सुकायची जी संधी होती ती गेली, आणि मुळे अन्न घेण्यास असमर्थ असताना दिलेल्या युरियाने उरलेल्या मुळांभोवती क्षार वाढले. पानगळीची सुरुवात पावसाळ्यानंतर झाली म्हणून कारण उन्हात शोधले गेले. खरे कारण मे महिन्यात, पेव्हरच्या कामात होते.

## उपचार

सर्वांत कठीण उपाय सर्वांत स्वस्त होता : पाणी बंद. मलूल झाडाला पाणी देऊ नका, हे भर उन्हात कोणालाही पटत नाही, आणि काकूंनाही ते पटवून घ्यायला वेळ लागला. त्यांच्या हातात त्या निळसर मातीचा गोळा दिल्यावर मात्र पुढे बोलावे लागले नाही. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असतात अशी स्थिती, ती पाच-सहा इंच खोलीवर आल्याशिवाय नळी उघडायची नाही, असे ठरले. पानांवरचा ताण उतरावा म्हणून पश्चिमेच्या बाजूने हिरव्या शेडनेटचा पडदा बांबूंवर बांधला. तो पंधरवडाभर पुरेल असा अंदाज होता आणि तेवढा पुरला.

दुसरे काम बुंधे मोकळे करण्याचे. चौकोनांत भरलेली काळी माती हाताने आणि खुरप्याने काढून जुनी जमीन उघडी केली, बुंध्याला चिकटलेली ओली माती पुसून काढली आणि साल उन्हा-वाऱ्याला सुकू दिली. माझ्या मते या प्रकरणात झाडे वाचवणारे एकच काम निवडायचे असेल तर ते हे. बुंध्याची साल मुळांसारखी सतत ओलीत राहण्यासाठी घडलेली नसते, आणि वर्षानुवर्षे हवेत असलेला बुंधा अचानक गाडला की त्याच्या सालीची कूज व्हायला एक पावसाळा पुरतो. आळे भरून सारखे करणे, झाडाला 'भर घालणे' ही बागकामाची सवय शेतातल्या उसासाठी योग्य असली, तरी जुन्या झुडपाच्या बुंध्याला ती घातक ठरते.

तिसरे काम सोसायटीच्या समितीशी बोलण्याचे होते, कारण नुकतेच बसवलेले पेव्हर उचलायचे होते. प्रत्येक झाडाभोवती अडीच फूट त्रिज्येतील ब्लॉक काढून घेतले, खालचा ठोकलेला मुरूम कुदळीने न खणता पहारीने ठिकठिकाणी भोसकला, कारण कुदळीने उरलीसुरली मुळेही तुटली असती. पहारीची ती दीड फूट खोल भोके जाड वाळू, विटांचा चुरा आणि कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणाने भरली. फाटकाकडच्या खोलगट भागातून रस्त्याच्या कडेच्या पावसाळी गटारापर्यंत खडीने भरलेला उथळ चर काढला. काढलेल्या ब्लॉकच्या जागी चालण्यापुरते सुटे दगडी फरशीचे तुकडे अंतराअंतरावर ठेवले, त्यामुळे समितीचा आक्षेपही राहिला नाही.

चौथा प्रश्न छाटणीचा, आणि येथे बागकाम करणाऱ्यांत दोन मते असतात. पाने गेली आहेत तेव्हा झाड निम्मे कापावे, असे एक मत. मला ते या स्थितीत मान्य नाही. उरलेली पाने मुळांना अन्न पुरवत असतात आणि नवी मुळे फुटण्यासाठी त्याच अन्नाची गरज असते. म्हणून प्रत्येक फांदीची साल नखाने खरवडून पाहिली : खाली हिरवा, ओलसर थर असेल तर फांदी ठेवायची, तपकिरी कोरडा असेल तर जिवंत भागापर्यंत कापायची. उघड्या पडलेल्या बहुतेक फांद्या हिरव्या निघाल्या. पहिल्या झाडाच्या त्या दोन फांद्या बुंध्यापर्यंत काढाव्या लागल्या. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसली.

औषधाचा क्रमांक त्यानंतर आला. दुसऱ्या झाडाच्या बुंध्यावरची कुजलेली साल निरोगी सालीच्या कडेपर्यंत खरवडून तिच्यावर बोर्डो पेस्ट लावली : १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी या प्रमाणात, अर्थातच त्याच्या लहानशा हिश्शाने, प्लास्टिकच्या भांड्यात तयार केलेली. माती वाफशावर आल्यावर तीनही झाडांना मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेब यांच्या संयुक्त बुरशीनाशकाची, लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात, मुळांशी आळवणी केली, म्हणजे ते द्रावण मुळांशी ओतले. ही आळवणी चिखलात केली असती तर औषध मुळांपर्यंत न जाता वरच राहिले असते आणि पाणी आणखी साचले असते. या झाडांची फुले देवाला जातात, काही घरांत तेलात घालतात आणि मुले त्यांतला मध चोखतात, म्हणून पुढे काही आठवडे फुले तोडायची नाहीत असा फलक लावला. ट्रायकोडर्मा मिसळलेले शेणखत मात्र या औषधाचा प्रभाव ओसरल्यावर, दिवाळीनंतर दिले. दोन्ही एकाच वेळी दिल्याने उपकारक बुरशीच मरते, आणि ही गोष्ट बाजारातून दोन्ही पुड्या एकदम आणणाऱ्यांना कोणी सांगत नाही. युरिया किंवा दुसरे कोणतेही खत या काळात दिले नाही. पिठ्या ढेकणासाठी शेंडे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतले, त्यावर निंबोळी अर्क फवारला, आणि एवढे पुरेसे झाले.

## पुढचा क्रम

तिसऱ्या झाडाची पानगळ पाणी बंद केल्यावर काही दिवसांतच मंदावली. दुसऱ्याची आणखी आठवडाभर चालू राहिली आणि शेंड्यांच्या झुबक्यांखेरीज सगळे झाड उघडे झाले. या टप्प्यावर उपचार चुकला असे वाटून पुन्हा पाणी सोडण्याचा मोह होतो, पण सुटण्याचा पट्टा एकदा कामाला लागलेली पाने कारण दूर झाले तरी गळतातच. खरी खूण गळणाऱ्या पानांत पाहायची नसते, ती गळलेल्या पानाच्या व्रणाशेजारच्या डोळ्यात पाहायची असते. दिवाळीच्या सुमारास तिसऱ्या झाडाचे ते डोळे फुगले, आणि पाठोपाठ दुसऱ्याचेही, खालच्या जाड फांद्यांवर.

नवी पाने आली ती मात्र पिवळट, शिरा तेवढ्या हिरव्या. ही कूज परतली नव्हती. टेम्पोने आलेली काळी माती चुनखडीयुक्त होती, तिचा सामू (पीएच) ८ च्या आसपास होता, आणि अशा मातीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही, त्यातून मुळे अपुरी. जुनी पाने पिवळी पडणे आणि कोवळी पाने पिवळी पडणे यांत हा मोठा फरक आहे : पहिल्यात झाड आधीचे सोडते, दुसऱ्यात नव्याला मिळत नाही. ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेले लोह, मुळांशी दिले, कारण ईडीटीए प्रकारचे लोह एवढ्या सामूला टिकत नाही, आणि उरलेली काळी माती काढून तिच्या जागी पोयटा व शेणखत घातले. पुढची पाने गर्द हिरवी आली. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढ जवळजवळ थांबली, तेव्हा पाणी आठवड्यातून एकदा आणि तेही बोट खुपसून पाहिल्यावर. माघी गणपतीला तिसऱ्या झाडावर मोजकी फुले होती. दुसऱ्याने चैत्रात फूल दिले.

पहिले झाड गेले. त्याच्या बुंध्यावरचा पट्टा निचरा करूनही पुढे सरकला आणि मार्गशीर्षात घेर पूर्ण झाल्यावर उरलेल्या फांद्यांची पानेही न गळता जागच्या जागी सुकली. ते मुळांसकट काढले, खड्ड्यातली माती फावड्याने उचलून बागेबाहेर नेली, आणि ती जागा उन्हाळाभर उघडी तापू दिली. मे महिन्यात तेथे टाकीकडच्या झाडाच्या फाट्यापासून केलेले रोप लावले, पण खड्ड्यात न लावता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सुमारे आठ इंच उंच अशा मातीच्या उंचवट्यावर, मुरूम आणि पोयटा निम्मे-निम्मे घालून. पुढच्या पावसाळ्यात संततधार लागली तेव्हा माळीकाकांनी आपण होऊन जुना चाचणी खड्डा उकरून पाहिला. पाऊस थांबल्यावर त्यातले पाणी तासाभरात खडीच्या चरातून निघून गेले होते. चराच्या तोंडाशी पाने आणि प्लास्टिक अडकते, ते दर आठवड्याला काढण्याचे काम आता फाटकावरच्या पाळीत लिहिलेले आहे.